ओलांडलेला उतारा

या, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलात तरी चालेल, पण कान इकडं असू द्या. कीर्तन झालं, आरती झाली, बुवा उपरणं बाजूला ठेवून चहा घेतायत. ऊन अजून वर आहे, तर घरी पळायची घाई कशाला? तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. गोष्ट देवाची नाही, पण घडली ती देवाच्या दारातच. तिच्यात दारू आहे म्हणून नाक मुरडू नका. दहीही आहे.

तासगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या मधोमध शिरगोंदी नावाचं गाव आहे. तिथल्या गुरवांच्या घरात दोन भावंडं. थोरली सुलक्षणा, धाकटा सोमनाथ. आई लवकर गेली, वडील देवळाच्या पूजेत आणि पखवाजात. सोमनाथला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेलं, ते सुलक्षणानंच. तो तिला अक्का म्हणायचा आणि हळूहळू सगळं गावच म्हणायला लागलं.

पुढं अक्का सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून सांगलीच्या एका प्रयोगशाळेत लागली. सोमनाथ गावातच राहिला. बागांवर ड्रोननं औषध मारायचा आणि नरहरबुवांचं कीर्तन असलं की तबल्याला बसायचा. त्याचा हात काय सांगू तुम्हाला. बुवा बोलता बोलता नुसते श्वास घ्यायला थांबले तरी ह्याला कळायचं, आता पद येणार. बोटं आधीच तबल्याच्या शाईवर जाऊन बसलेली असायची.

आणि तो प्यायचा. रोज नाही. पण बसला की उठायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघवत नसे. डोकं दोन्ही हातांत धरून न्हाणीच्या पायरीवर बसलेला, उजेड सोसत नाही, पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नाही. निलांबरी, त्याची बायको, आधी लिंबू-मिठाचं पाणी द्यायची, मग पातळ ताक, मग ज्वारीची आंबील. आंबील पोटात ठरली की तो डोळे मिटून म्हणायचा, "निलू, बास झालं. परत नाही." आणि पुढं बरेच दिवस खरंच नाही.

एका सुट्टीत अक्कानं ती सकाळ पाहिली. भाऊ तो. तिचा जीव तुटला.

"काय देतीस गं त्याला?" तिनं विचारलं.

"जे सगळ्या घरांतनी देतात तेच. ताक, आंबील."

"त्यानं बरं वाटतं?"

"बरं वाटेपर्यंत बरं वाटत नाही," निलांबरी म्हणाली. अक्काला हसू आलं, पण तो विचार डोक्यात घेऊनच ती सांगलीला परत गेली.

आता विज्ञान सांगतो, कंटाळू नका, दोनच गोष्टी आहेत. दारू पोटात गेली की आपलं यकृत तिचा निकाल दोन पायऱ्यांत लावतं. पहिल्या पायरीवर दारूचं होतं ॲसिटाल्डिहाइड. हे मोठं जहाल. दुसऱ्या पायरीवर त्या जहालाचं होतं साधं आम्ल, आपल्या व्हिनेगरच्या जातीचं, निरुपद्रवी. प्रत्येक पायरीवर एकेक विकर बसलेलं असतं, देवळाच्या पायरीवर चपला सांभाळणारा बसतो ना, तसं. गर्दी बेताची असली तर काम सुरळीत. लोटली, की दुसऱ्या पायरीवरचा हात अपुरा पडतो आणि ते जहाल अंगभर फिरतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, आतडी सुजलेली. लिंबूपाणी, ताक, शहाळं ही सगळी पाणी आणि मीठ भरून काढतात, पोटाला थंडावा देतात. जहालाला मात्र ती शिवत नाहीत.

अक्कानं गावोगावच्या आंबिलीचे नमुने जमवले. जत भागातल्या एका धनगरवाड्यावरच्या मडक्यात तिला एक जिवाणू सापडला. हा पठ्ठ्या ते जहाल थोडं थोडं खायचा. तिनं त्याला वाढवलं, त्यातले जास्त खाणारे निवडले, परत वाढवले. कोंबड्यांच्या चांगल्या जाती निवडाव्यात तशा त्याच्या पिढ्यांवर पिढ्या निवडल्या. शेवटी असा वाण हाती आला की वाटीभर दह्यातून तो पोटात गेला की आतड्यात ठाण मांडायचा, आणि रक्तातून येणारं जहाल तिथल्या तिथं संपवायचा. प्यालेल्या माणसाची दुसऱ्या दिवशीची सकाळ न प्यालेल्या माणसासारखी.

प्रयोगशाळेच्या सगळ्या परवानग्या झाल्या. एका कंपनीनं मागणी घातली. अक्का म्हणाली, "आंबिलीतनं आलेली गोष्ट मी पाकिटात घालणार नाही. विरजण म्हणून घरोघर जाऊ दे." नाव ठेवलं उतारा. विषावर उतारा असतो, त्या अर्थानं.

आणि तुम्हाला माहीत आहे, आपल्यात कुणी विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. चमचाभर ह्या घरातनं त्या घरात, माहेरातनं सासरी, असं करत वर्षभरात तालुक्यातलं बहुतेक दही उताऱ्याचं झालं. ज्या घरात कुणी पीत नव्हतं तिथंही. लागायचंही घट्ट, गोडसर. लोक अक्काला वाटेत थांबवून हात जोडायचे.

पारावरचे पिणारे आणखी वेगळं म्हणायचे. त्यांच्या बोलीत उतारा म्हणजे सकाळी पुन्हा घ्यायचा घोट. "अक्कानं आमच्यासाठी सकाळचा पण बंदोबस्त केला," असं म्हणून टाळ्या द्यायचे. अक्कानं ते हसण्यावारी नेलं.

सोमनाथचं डोकं दुखायचं थांबलं. ड्रोनचं एकही काम चुकेना. तोंडावर तजेला. अक्काला धन्य वाटलं.

फक्त एक झालं. पायरीवर बसणं गेलं, आणि "निलू, बास झालं" हे म्हणणंही गेलं. जी सकाळ दुखतच नाही, तिच्यात माणूस कशाला काय कबूल करील? तो आठवड्यातनं दोनदा प्यायला लागला, मग एक दिवसाआड, मग रोज. विचारलं तर म्हणायचा, "मला काय झालंय? बघ, हात बघ." आणि हात पुढं धरायचा. हात स्थिर असायचा.

चैत्रातल्या उत्सवात नरहरबुवांचं दुपारचं कीर्तन होतं. अक्का सांगलीहून मुद्दाम आली होती. मंडप भरलेला. बुवांनी पद घेतलं, सोमनाथचा तबला असा बोलत होता की बायका पदराआडनं मान डोलवत होत्या. पद संपवून बुवा निरूपणाला थांबले. समेवर थांबले, नेहमीसारखे.

सोमनाथ थांबला नाही.

ठेका चालूच. चुकीचा नाही, बरं का. एक मात्रा इकडची तिकडं नाही. पण गाणं नाही, झांज नाही, पेटीवाल्यानं हात उचलले, मंडप गप्प, आणि एकटा तबला चाललाय. त्याचे डोळे उघडे होते, पण समोरचं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

बुवा रागावले नाहीत. तसेच उभे राहिले. मग वाकून हळूच म्हणाले, "सोमनाथ, मी थांबलोय बाळा."

तो दचकला, हसला, हात मागं घेतले. मागं पोरं फिदीफिदी हसली. बुवांनी निरूपण सुरू केलं. अक्काला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. ती निलांबरीकडं बघत होती. निलांबरी हसली नव्हती, रडलीही नव्हती. हे तिला नवं नव्हतंच.

कीर्तन झाल्यावर अक्का तिला देवळामागच्या विहिरीकडं घेऊन गेली.

"किती दिवस असं चाललंय?"

"तुम्ही दही दिल्यापासनं."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? तुमचा सगळा तालुका सत्कार करतोय. मी म्हणू, माझ्या नवऱ्याचं डोकं दुखत नाही म्हणून मला त्रास होतोय?" निलांबरी विहिरीच्या कठड्यावर बसली. "अक्का, तुम्ही गुरवांच्या. तुम्हाला मी काय सांगावं. तीन वाटांच्या तिकटीवर भाताचा उतारा टाकतात. आजाऱ्यावरनं उतरवलेली पीडा काय मरते? तिथंच बसून राहते. जो ओलांडंल त्याला लागते. त्याची सकाळ तुम्ही उतरवून टाकलीत. ती ओलांडली मी. आता डोकं माझं दुखतं."

दुसऱ्या दिवशी तिनं सोमनाथला जवळजवळ ओढतच सांगलीला नेलं आणि तपासण्या केल्या. डॉक्टरीणबाई अक्काच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी यकृताची प्रतिमा पडद्यावर लावली आणि बोट ठेवलं. जागोजागी वण.

"दुखत कसं नाही मला?" सोमनाथनं विचारलं.

"यकृत ओरडत नाही. ओरडायचं काम डोकं आणि पोट करायचं, ते तुमच्या बहिणीनं बंद केलं," बाई म्हणाल्या. मग अक्काकडं वळून, "तुझे जिवाणू आतड्यात बसून रक्तातलं जहाल टिपतात. पण ते जन्मतं यकृताच्या पेशीत. तिथं त्यांचा हात पोचत नाही. आत जळत राहतं, बाहेर धूर येत नाही. आत्ता थांबला तर भरून येईल. नाही थांबला, तर मला त्याच्या वयाकडं बघून बोलवत नाही."

सोमनाथनं घरी येऊन अर्धा दिवस पाळला. संध्याकाळी प्यायला.

अक्का रडत बसणारी नव्हती. ती कामाला लागली. पूर्वेकडच्या काही देशांत कित्येक माणसांच्या अंगात दुसऱ्या पायरीवरचं विकर जन्मतःच लंगडं असतं. घोटभर प्याले तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकारी येते. म्हणून अशांच्यात व्यसनी फार थोडे. डॉक्टर त्याच तत्त्वावर एक जुनं औषधही देतात. अक्कानं असा वाण तयार केला जो दह्यातून पोटात जाऊन एक रस सोडील, तो रस रक्तातनं यकृतात पोचून ते विकर मुद्दाम लंगडं करील, आणि आधीच्या उताऱ्याला हुसकावून लावील. दिसायला दही, चवीला दही. रोज वाटीभर खाल्लं तर दारू अंगाला शिवू द्यायचं नाही.

ते छोटं मडकं घेऊन ती शिरगोंदीला आली. एसटी थांब्यासमोरच्या भिंतीवर लहानपणापासनं बघितलेली जाहिरात होती, नवा रंग मारलेली: 'दारू सोडवा. पिणाऱ्याच्या नकळत.' खाली फोन नंबर. रोज डोळ्यासमोर असून ती तिनं कधी वाचली नव्हती. आज वाचली.

निलांबरीनं तर आधीच सांगून ठेवलं होतं. "त्याला विचारू नका. विचारलं तर नाही म्हणणार. ताटात वाढून मोकळं व्हा."

सोमनाथ बागेतनं आला, हातपाय धुऊन पानावर बसला. निलांबरीनं भाकरी वाढली, पिठलं वाढलं. अक्कानं मडक्यातलं दही वाटीत काढलं. वाटी हातात घेऊन ती उभी राहिली. लहानपणी ह्याला एरंडेल पाजताना ती म्हणायची, हे बघ, कडू आहे, नाक धर आणि पी. कधी गूळ म्हणून पाजलं नव्हतं.

"वाढ की," सोमनाथ म्हणाला. "काय मुहूर्त बघतीस?"

"सोमा, हे उताऱ्याचं नाही. हे खाल्लंस आणि वर प्यालास, तर मरणाचा त्रास होईल. जास्त प्यालास तर हृदयावर येईल. दारू सोडायची असेल त्यानंच खायचं."

निलांबरीनं कपाळावर हात मारला.

सोमनाथनं वाटीकडं बघितलं, मग बायकोकडं. "म्हणजे दोघींचं ठरलं होतं. मी भिंतीवरचा पिणारा, आणि तुम्ही नकळतवाल्या."

"नकळत द्यायचं असतं तर आत्ता तू खाल्लं असतंस," अक्का म्हणाली.

"एक तू दिलंस ते खाल्लं. आता हे खा म्हणतीस. पोट माझं आहे का तुझ्या प्रयोगशाळेचं?"

तो भाकरी तशीच ठेवून उठला. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आधी दिलंस ते परत घे. माझी सकाळ मला परत दे. मग बघू."

तो रागानं बोलला होता. अक्कानं मात्र ते शब्द धरून ठेवले. दुसऱ्या दिवसापासनं ती घरोघर फिरली. ज्या दारांतनं तिला ओवाळलं होतं त्याच दारांत उभी राहून सांगायची, "उताऱ्याचं विरजण मोडा. माझं अर्धंच डोकं चाललं होतं. त्यानं दुखणं थांबतं, रोग थांबत नाही. हे घ्या साधं विरजण." कुणी ऐकलं, कुणी दार लोटलं. पारावरच्यांनी टोमणे मारले, "अक्का, दिलेलं दान परत मागतीस व्हय?" ती म्हणायची, "मागते." आणि पुढच्या दारात जायची. बुवांनी कीर्तनात तिला बोलायला उभं केलं. तिथंही तिनं तेच सांगितलं, जसंच्या तसं. अजूनही ती फिरतेच आहे. विरजण पसरायला वर्ष लागलं, मोडायला जास्त लागेल.

सोमनाथच्या घरात निलांबरीनं साधं दही लावलं, त्याला सांगून. पोटातला उतारा हळूहळू ओसरला. आणि एका सकाळी तो न्हाणीच्या पायरीवर डोकं धरून बसलेला सापडला.

निलांबरीनं लिंबू-मिठाचं पाणी दिलं. ते उलटलं. परत दिलं. अक्का शेजारी बसून पाठ चोळत होती.

"अक्का," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हे असं दुखायचं होय. मी विसरलोच होतो." मग मान वर न करता, "त्या दिवशी कीर्तनात बुवा किती वेळ उभे होते गं?"

"थोडा वेळ."

"पोरं हसली होती."

"हसली होती."

"दे ती वाटी."

निलांबरी झटक्यानं उठली. अक्काच्या त्या दह्याचं मडकं उतरवलं सुद्धा. ह्या एका शब्दासाठी तिनं किती सकाळी काढल्या होत्या ते तिचं तिलाच ठाऊक. अक्कानं तिचा हात धरला.

"आज नाही. अंगात अजून दारू आहे. आत्ता हे दिलं तर त्याला झेपायचं नाही. दारू पुरती निघून जाऊ दे. परवा."

"परवा?" निलांबरीचा आवाज चढला. "परवा त्याचं मन असंच असंल होय? आत्ता मागतोय तो. आत्ता, अक्का."

सोमनाथही तेच म्हणाला. "परवा मी नाही म्हणालो तर?"

"तर नाही," अक्का म्हणाली. "तुला शुद्धीत, बऱ्या डोक्यानं मागावं लागेल. दुखतंय म्हणून मागितलेलं मी धरणार नाही."

निलांबरी मडकं जागेवर ठेवून परसात गेली. रागानं धुणं आपटल्याचा आवाज येत राहिला.

तो मधला दिवस कसा गेला ते मला विचारू नका. अक्कानं घर सोडलं नाही. पहिल्यांदा सोडणाऱ्याचं अंग कधीकधी फार वाईट थरथरतं, म्हणून सांगलीच्या बाईंना फोन लावून ठेवला होता. त्यांनी सांगितलेली औषधं उशाशी होती. तो दोनदा चपला घालून अंगणापर्यंत गेला. निलांबरी अडवायला उठली नाही. तिनं फक्त चूल पेटवली, आंबील ढवळत बसली, आणि अंगणाकडं पाठ केली. बघितलं असतं तर तो थांबला असता, पण मग ते तिच्यासाठी थांबणं झालं असतं.

दोन्ही वेळा तो परत आला.

ठरल्या सकाळी सोमनाथनं अंघोळ केली, देवळात जाऊन घंटा वाजवली, घरी येऊन पाट ओढला. डोकं दुखत नव्हतं. हात पुढं धरून बघितला. किंचित थरथरत होता. तो तसाच सगळ्यांना दिसू दिला.

"यात काय आहे ते परत एकदा सांग," तो म्हणाला.

अक्कानं सगळं सांगितलं. काय होईल, किती दिवस टिकेल, कधी सोडता येईल. काही झाकलं नाही.

"म्हणजे उद्या नाही खाल्लं, तर परवा-तेरवा परत पिता येईल?"

"येईल. रोज सकाळी तूच ठरवायचंस."

त्यानं वाटी निलांबरीपुढं धरली. "तू वाढ. नकळत वाढणार होतीस ना? आता कळत वाढ."

तिनं वाढलं. तो चमच्यानं न घेता बोटांनी चाटूनपुसून खाऊ लागला, लहान पोरासारखा.

आज तुम्ही जो तबला ऐकलात तो त्याचाच. बुवा थांबले की थांबतो. यकृत भरत आलंय म्हणतात. मधे एकदा नेम मोडला होता, आठवडाभर वाटी पालथी घातली होती, परत मांडली. माणूस आहे.

आता उठताना एवढं करा. सोमनाथ भेटला की सगळे विचारतात, कसा आहेस बाबा, आज वाटी घेतलीस का. अक्काचं नाव तर सगळीकडं आहेच. पण प्रसादाच्या पंगतीत ती बुवांच्या मंडळींबरोबर आलेली हिरव्या लुगड्यातली बाई वाढते आहे ना, तीच निलांबरी. तिला कुठल्या तपासणीत कुणी मोजलं नाही. तिची आठवण ठेवा. द्रोण पुढं कराल तेव्हा तिला नुसतं विचारा, आज तुझी सकाळ कशी गेली गं?